टायपिंगच्या टेबलावरून कौटुंबिक न्यायालयात: एका पॅरालीगलची वाटचाल

कौटुंबिक कायद्यात पॅरालीगल म्हणून, म्हणजे वकिलाच्या हाताखाली कायद्याच्या कामात मदत करणारा सहायक म्हणून, काम करायचं असेल तर सुरुवात कुठून करावी, असं प्रशिक्षणवर्गात दर खेपेला कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्यांत बायका जास्त असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणी कोर्टाच्या आसपासच काहीतरी काम करत असतात. अशाच एका बाईंची ही हकीकत आहे. त्यांच्या संमतीने लिहिते आहे. त्यांचं आणि त्यांच्याकडे आलेल्या अशिलाचं नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. मी स्वतः कौटुंबिक प्रकरणं चालवणारी वकील आहे. विधी स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात शिकवायला जाते, तिथे त्या मला भेटल्या.

पार्श्वभूमी

वनिताताई, वय ३१, शिक्षण बी.ए., मराठी टायपिंगची ४० शब्दांची परीक्षा पास. नवरा चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये कामाला, मुलगी पहिलीत. शिवाजीनगर कोर्टाजवळच्या एका झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात त्या सहा वर्षं बसत होत्या. पगार ११ हजार.

जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ मध्ये मराठी झाली. पुण्यात इंग्रजी अर्जही भरपूर दाखल होतात, पण मराठी मसुदा शुद्ध आणि वेगाने टाइप करून देणारी माणसं कमी, त्यामुळे वनिताताईंच्या टेबलापुढे रांग असायची. कुणी वकील हाताने लिहिलेले कागद द्यायचे, कुणी उभ्या-उभ्या तोंडी सांगायचे. पोटगीचा अर्ज, लेखी कैफियत, मुलांच्या ताब्याचा अर्ज, पुरसीस (पक्षकाराने न्यायालयाला दिलेलं लेखी निवेदन), शपथपत्र. अर्जास कारण कधी घडलं, अधिकारक्षेत्र, कोर्ट फी, विनंती, सत्यापन हा सगळा क्रम त्यांना झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला असता.

त्यांचं आणखी एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. जवळजवळ प्रत्येक अर्जात एक वाक्य यायचं: "सुरुवातीचे काही दिवस अर्जदारास चांगले नांदविले, त्यानंतर क्षुल्लक कारणावरून शिवीगाळ व मारहाण करून उपाशीपोटी ठेवून त्रास देण्यास सुरुवात केली." अर्जदार बाई मात्र शेजारच्या स्टुलावर बसून वेगळंच काही सांगत असायची. एकीला कुणी हात लावला नव्हता, पण चार वर्षांत तिच्या हातात एक रुपया दिला गेला नव्हता. दुसरीच्या घरी जेवणाची ददात नव्हती, पण माहेरी फोन करायला बंदी होती. कागदावर दोघींचा संसार एकाच वाक्यात बसला. वनिताताईंना ते खटकायचं. बदल करण्याचा अधिकार त्यांना नव्हता आणि त्यांनी तो घेतलाही नाही, पण फरक त्यांना दिसत होता.

अडचण

कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा. त्याच्या कलम १३ नुसार पक्षकाराला वकील हक्काने लावता येत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. प्रत्यक्षात ती परवानगी सहज मिळते आणि वकील उभे राहतात. पण "या कोर्टात वकील लागत नाही" ही गोष्ट लोकांत पसरलेली आहे. त्यामुळे एकटेच आलेले नवरे-बायका थेट टायपिंगच्या दुकानात येतात.

"ताई, तुम्हाला सगळं येतंच की. तुम्हीच लिहून द्या, वकिलाला कशाला पैसे घालवू?" हे वाक्य वनिताताईंनी किती वेळा ऐकलं असेल! २०२२ मध्ये दुकानमालकानेच प्रस्ताव मांडला. मसुदा वनिताताईंनी करायचा, अर्जामागे तीन हजार घ्यायचे, निम्मे दुकानाचे, निम्मे त्यांचे. महिन्याला चार अर्ज आले तरी पगाराच्या निम्म्याहून जास्त वरकमाई. मुलीची शाळा नुकतीच सुरू झाली होती, पैशांची गरज होती.

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला विचारलं, "मॅडम, मी लिहिलं तर त्यात चूक काय? सही तर अर्जदाराचीच असते ना?"

या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवं होतं. पक्षकार सांगेल ते टाइप करून देण्यात काही गैर नाही. पण कुठला अर्ज करायचा, कुठलं कलम लावायचं, काय मागायचं आणि काय सोडायचं हे ठरवून त्याचे पैसे घेतले की ती वकिली झाली. वकील अधिनियम १९६१ चं कलम ३३ वकिलीचा अधिकार सनदधारकालाच, म्हणजे वकिलीचा परवाना असणाऱ्यालाच, देतं आणि कलम ४५ मध्ये अनधिकृतपणे वकिली करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कोर्टात उभं राहिलं तरच ती वकिली, असा समज आहे, तोही बरोबर नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये परदेशी वकील कंपन्यांच्या प्रकरणात आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याच विषयावरच्या बालाजी प्रकरणात स्पष्ट केलं की सल्ला देणं आणि मसुदे करणं ही कोर्टाबाहेरची कामंही वकिलीतच मोडतात.

शिक्षेपेक्षाही मला भीती वाटते ती नुकसानीची. परस्परसंमतीच्या घटस्फोटाचे दुकानी अर्ज मी वाचलेले आहेत. त्यात "पोटगी, स्त्रीधन व इतर सर्व हक्क सोडत आहे" असं छापील वाक्य असतं, कारण आधीच्या फाइलमध्ये ते होतं. सही करणाऱ्या बाईला आपण काय सोडलं हे कुणी समजावलेलं नसतं.

समोर असलेले पर्याय

दुकानातच राहून मालकाचा प्रस्ताव स्वीकारणं, हा पहिला पर्याय वरच्या चर्चेनंतर वनिताताईंनी स्वतःच बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय विधी स्वयंसेवकाचा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची ही योजना २००९ पासून आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण निवड करतं, प्रशिक्षण देतं, ओळखपत्र देतं. कायदेविषयक शिबिरं, मदत केंद्रावर बसणं, गरजूला मोफत वकील मिळवून देण्यासाठी अर्ज भरणं ही कामं असतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना आणि मुलांना मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. ही एक गोष्ट नीट पोचवली तरी कितीतरी बायका चुकीच्या दारी जायच्या थांबतील. पण काम दिलेल्या दिवसापुरतं मानधन मिळतं, ती नोकरी नव्हे. घर चालवायचं असेल त्याने हे आधीच समजून घ्यावं. शिकण्यासाठी यासारखी जागा नाही, पोटापाण्यासाठी ती पुरत नाही.

तिसरा, वकिलाच्या कार्यालयात नोकरी. पुण्यात "पॅरालीगल हवे" अशा जाहिराती दिसतात त्या बहुतेक कंपन्यांच्या असतात. तिथे इंग्रजी करारमदार तपासायचे असतात आणि कायद्याची पदवी मागतात. कौटुंबिक प्रकरणं चालवणारे वकील जाहिरात देतात ती "क्लार्क पाहिजे" म्हणून. आपल्याकडे पॅरालीगलला सनद नाही, नोंदणी नाही, ठरलेली वेतनश्रेणी नाही. क्लार्कच्या खुर्चीत बसून पॅरालीगलचं काम स्वतः उभं करावं लागतं.

चौथा, तीन वर्षांचं एलएलबी. पदवीला सर्वसाधारण गटात ४५ टक्के लागतात, वनिताताईंना ५१ होते. राज्याची सीईटी द्यावी लागते. अडचण हजेरीची. एलएलबी नियमितच करावं लागतं, पत्राने किंवा दूरशिक्षणाने होत नाही, हजेरी ७० टक्के लागते. मुलगी लहान, नवऱ्याच्या शिफ्ट बदलत्या.

याखेरीज इग्नूची पॅरालीगल प्रॅक्टिसची पदविका होती. ती बारावीनंतर, घरी राहून करता येते. तिने सनद मिळत नाही, पण कायद्याची मांडणी समजते.

काय ठरलं

त्यांनी दुसरा आणि तिसरा पर्याय एकत्र केला, जोडीला पदविका घेतली आणि एलएलबी "दोन-तीन वर्षांनी बघू" म्हणून पुढे ढकललं. २०२३ च्या सुरुवातीला दोन महिला वकिलांच्या कार्यालयात १४ हजारांवर रुजू झाल्या. रुजू होतानाच तिथल्या ज्येष्ठ वकिलांनी एका पानावर दोन रकाने करून दिले: वनिताताईंनी काय करायचं आणि काय करायचं नाही. करायच्या बाजूला अशिलाची पहिली माहिती घेणं, कागद गोळा करून अनुक्रमणिका लावणं, सीएनआर क्रमांकावरून (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) तारखा आणि रोजनामा (कोणत्या तारखेला काय झालं याची नोंद) पाहणं, समन्स बजावणीसाठी बेलीफकडे पाठपुरावा, नकलेचे अर्ज, वकिलांनी तपासायचा कच्चा मसुदा. न करायच्या बाजूला कलम सुचवणं, रक्कम सुचवणं, निकालाचा अंदाज सांगणं, समोरच्या पक्षाशी बोलणं, फी ठरवणं. हा कागद त्यांच्या टेबलाच्या काचेखाली असायचा. हे पाहून मी माझ्याही वर्गात तसाच कागद करून घ्यायला लागले आहे.

रेखाताईंचं प्रकरण

वनिताताईंच्या कामाचा कस लागला तो २०२४ मध्ये. रेखाताई, वय ३६, दोन मुलं. उपनगरात नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान. नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज टाकला होता. रेखाताईंतर्फे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी मागायची होती. नवऱ्याचं म्हणणं, दुकान भावाचं आहे, मी तिथे १५ हजारांवर नोकर आहे.

रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये पोटगीच्या सगळ्या प्रकरणांत दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि दायित्वांचं शपथपत्र सक्तीचं केलं. उत्पन्न, खर्च, बँक खाती, कर्जं, विमा, दागिने, मुलांचं शिक्षण, सगळं त्यात मांडावं लागतं. बऱ्याच कार्यालयांत हे शपथपत्र घाईघाईत भरलं जातं, निम्म्या रकान्यांत "लागू नाही" असतं. पोटगीचं प्रकरण जिंकलं किंवा हरलं जातं ते बहुतेक वेळा याच कागदावर, असं माझं ठाम मत आहे.

रेखाताईंना महिन्याचा खर्च विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, "होत असेल पंधरा-वीस हजार." वनिताताईंनी तो आकडा लिहिलाच नाही. त्यांनी वही उघडली आणि विचारायला सुरुवात केली. गॅस गेल्या खेपेला कधी आला? रिक्षाकाकांना महिन्याला किती? धाकट्याचा दम्याचा पंप किती दिवस पुरतो? गेल्या दिवाळीला कपडे कुणी घेतले? लाइटबिल कुणाच्या नावावर? दोन तास गेले. बेरीज २७,४०० आली. ज्याची पावती होती तिथे पावतीचा क्रमांक, नव्हती तिथे स्वच्छ शब्दांत "पावती नाही, अंदाजे". ही शेवटची सवय फार मोलाची, कारण उलटतपासात अंदाजाला पक्का आकडा म्हटलेलं उघडं पडलं तर बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

मग कागदांची पिशवी. त्यात बाथरूमच्या नळाचं एक जुनं बिल होतं, नवऱ्याच्याच दुकानाचं. कुणीही ते बाजूला टाकलं असतं. वनिताताईंनी त्यावरचा जीएसटी क्रमांक पाहिला आणि वकीलबाईंना विचारून तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला. ही माहिती कुणालाही पाहता येते. व्यवसायाचा प्रकार: एकल मालकी. कायदेशीर नाव: नवऱ्याचं स्वतःचं. थोरल्याच्या शाळेच्या प्रवेशअर्जावरही वडिलांचा व्यवसाय "दुकानमालक" असा, खाली नवऱ्याची सही. हे दोन कागद शपथपत्रासोबत गेले.

या कामात दोन प्रसंग असे आले की तिथे वाट चुकू शकली असती.

एका रात्री पावणेअकराला रेखाताईंचा फोन आला. नवरा दारू पिऊन आलाय, मुलांना घेऊन माहेरी निघून जाऊ का? वर्षानुवर्षं अर्ज टाइप केलेल्या माणसाला इथे उत्तर सुचतं. निघून जा म्हणावं, तर उद्या समोरचे "स्वतःहून घर सोडलं" म्हणणार. थांब म्हणावं, तर रात्री काय होईल कोण सांगणार. वनिताताई म्हणाल्या, "रेखाताई, कायद्याचं मी सांगू शकत नाही, ते मॅडम सांगतील. पण आत्ता तुम्हाला किंवा मुलांना धोका वाटत असेल तर आधी ११२ ला फोन लावा. मी लगेच मॅडमना उठवते." महिला हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांकही दिला. दहा मिनिटांत वकीलबाई फोनवर होत्या. जिवाच्या सुरक्षिततेबद्दल बोलायला सनद लागत नाही, हा फरक वनिताताईंना त्या क्षणी नेमका कळला. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामातला हा सर्वांत चांगला निर्णय.

दुसरा प्रसंग त्रासाचा. शपथपत्राचा मसुदा तपासायला म्हणून रेखाताईंना व्हॉट्सअॅपवर पाठवला गेला. त्यांचं व्हॉट्सअॅप घरच्या कंप्युटरला जोडलेलं होतं, मुलाच्या ऑनलाइन अभ्यासासाठी कधीतरी जोडलेलं ते तसंच राहिलेलं. नवऱ्याने मसुदा वाचला. पुढच्या आठवड्यात दुकानाची पाटी बदलली, भावाचं नाव आलं. जीएसटीची नोंद त्याआधीच उतरवून ठेवलेली असल्यामुळे पुरावा वाचला, पण रेखाताईंना घरात जे ऐकून घ्यावं लागलं ते टळलं नाही.

निष्पत्ती

कलम २४ चा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. इथे अकरा महिने लागले. न्यायालयाने नवऱ्याचं १५ हजारांचं म्हणणं स्वीकारलं नाही. आई आणि दोन मुलं मिळून महिना १८ हजार अंतरिम पोटगी, अर्जाच्या तारखेपासून. आदेशात जीएसटीच्या नोंदीचा आणि शाळेच्या अर्जाचा उल्लेख आहे. पहिले दोन महिने रक्कम आली, मग थकली. आता वसुलीसाठी दरखास्त चालू आहे आणि थकबाकीचा तक्ता दर महिन्याला वनिताताईच अद्ययावत करतात.

त्यांचा स्वतःचा पगार १९ हजार झाला आहे. इग्नूची पदविका पूर्ण झाली. महिन्यातून एखाददुसरा दिवस विधी सेवा केंद्रावरही बसतात. २०२५ मध्ये सीईटी देऊन एलएलबीला प्रवेश घेतला. कॉलेज सकाळचं, कार्यालय दुपारी एकपासून. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून नोकरीची माहिती आणि मालकाचं ना-हरकत पत्र मागायला बार कौन्सिलने २०२४ मध्ये सुरुवात केली आहे. वकीलबाईंनी ते पत्र प्रवेशाआधीच दिलं.

काय वेगळं करता आलं असतं

एलएलबी दोन वर्षं लांबवायला नको होतं, असं मला वाटतं आणि आता वनिताताईंनाही वाटतं. पहिलं वर्ष काम समजायला लागतं, ते ठीक. दुसऱ्या वर्षी मात्र त्या सगळं करत होत्या आणि त्यांच्यापेक्षा कमी जाणणारे नवे ज्युनिअर काळा कोट घालून त्यांच्याच कागदांवर कोर्टात उभे राहत होते. सनद नसलेल्या माणसाचा पगार एका पातळीपुढे जात नाही. ज्याला वकील व्हायचंच नाही त्याने पॅरालीगल म्हणून जरूर राहावं, ते काम सन्मानाचं आहे. पण मनात एलएलबी असेल तर पहिल्या वर्षाअखेरीस सीईटीचा अर्ज भरलेला बरा.

व्हॉट्सअॅपचा प्रकार पहिल्या भेटीतच टळला असता. त्या कार्यालयाच्या माहितीपत्रकात आता पत्त्याच्याही आधी तीन प्रश्न आहेत. तुमचा फोन आणखी कोण हाताळतं? व्हॉट्सअॅप किंवा ईमेल दुसऱ्या कुठल्या यंत्रावर चालू आहे का? कोणत्या वेळी फोन केलेला चालेल? मसुदा आता कार्यालयात बसूनच वाचायला देतात. कौटुंबिक प्रकरणात दोन्ही पक्षकार बहुधा एकाच छपराखाली राहत असतात, म्हणून इथे ही काळजी इतर कुठल्याही दाव्यापेक्षा जास्त घ्यावी लागते.

रेखाताईंचे व्हॉट्सअॅपवरचे काही संदेश पुराव्यात द्यायचे आहेत. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं त्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र दोन भागांत असतं, एक पक्षकाराचं आणि एक तज्ज्ञाचं. सुरुवातीलाच हे लक्षात घेऊन मूळ फोन जपून ठेवायला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. रेखाताईंनी मधल्या काळात फोन बदलला, त्यामुळे काही संदेशांचे आता फक्त स्क्रीनशॉट उरले आहेत. याच काळात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची पोटगीही नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाली. जुने छापील नमुने बदलण्याचं काम वनिताताईंनी स्वतःकडे घेतलं आणि ते पदविकेच्या अभ्यासामुळेच जमलं.

मनावर येणाऱ्या ताणाचा विचार कुणीच केला नव्हता. मुलांच्या ताब्याच्या तारखेला कोर्टाच्या आवारात रडणारं मूल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना पाहायचं आणि दुपारी परत येऊन त्याच फाइलची अनुक्रमणिका लावायची, हे सोपं नाही. एकदा अशाच दिवशी वनिताताई मुलीला शाळेतून घ्यायला तासभर आधीच जाऊन उभ्या राहिल्या होत्या. ताब्याच्या तारखांना कार्यालयात दोघींनी जायचं, एकटीने नाही, हा नियम आता केला आहे.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. वनिताताईंच्या नेमणूकपत्रावर पद "कार्यालयीन सहायक" असं आहे. पुढे दुसरीकडे अर्ज करायचा झाला तर या पदनामावरून त्यांनी काय काम केलं हे कुणालाच कळणार नाही. पदाचं नाव काय द्यावं यावर दोन्ही वकिलांचं एकमत होईना. म्हणून सध्या असं ठरलं आहे की नव्या पत्रात नावापुढे कामांची यादी जोडायची: अशिलाची माहिती नोंदवणं, मालमत्ता व दायित्व शपथपत्राची तयारी, कागदपत्रांची अनुक्रमणिका, थकबाकीचे तक्ते. ती यादी वनिताताईंनीच टाइप करून सहीसाठी ठेवली आहे.